गाडी पाणी खातेय, पण खाली ठिपका नाही

रेडिएटरातलं, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी कुठनं जातंय हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, पाणी कधी जातंय. जुन्या गाडीची जी गळती महिनोन्‌महिने सापडत नाही, ती बहुतेक वेळा गाडीच्या एकाच अवस्थेत गळते, आणि मिस्त्री तिला नेमका दुसऱ्या अवस्थेत बघत असतो. सकाळी गार इंजिनात गळणारं पाणी दुपारी गॅरेजात गरम गाडीखाली वाकून दिसणार नाही. आणि घाटात पळताना उडणारं पाणी उभ्या गाडीला दाब तपासायचा पंप कितीही मारला तरी बाहेर येणार नाही.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला होतो. बिडाचं कास्टिंग आलं की त्याची सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, आत हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचं आणि बुडबुडे बघत बसायचं. त्या नोकरीत एक सवय लागली: गळतीवर मत द्यायचं नाही, आधी ती डोळ्यांनी बघायची. घरी वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, तीच १०८९ सीसीची, गिअर स्टेअरिंगला असलेली. तिच्यावर हे सगळं करून बघितलंय. पण तुमची झेन असो, इंडिका असो की सँट्रो, रीत हीच. फरक असेल तिथं सांगतो.

सुरुवातीला पान्याला हात लावायचा नाही. एक वही घ्यायची आणि मुलांच्या औषधाबरोबर येतं तसलं एखादं मिलीचं माप. रोज सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, गाडी त्याच जागी त्याच तोंडानं उभी असताना पाण्याची पातळी बघायची. जागा बदलली की उतार बदलतो आणि पातळी खोटं बोलते. जितकं कमी झालं तितकं मापानं मोजून भरायचं आणि शेजारी तीन गोष्टी लिहायच्या: काल गाडी किती किलोमीटर पळाली, किती तास नुसती उभी होती, आणि किती वेळा तापून पुन्हा गार झाली. तिसरा रकाना कुणी लिहीत नाही, आणि खरा उपयोग त्याचाच होतो.

थोडे दिवस गेले की वही बोलायला लागते. गाडी न हलवता पाणी गेलं, तर गळती गार इंजिनाची आहे. किलोमीटरच्या हिशेबात गेलं, पुण्याला जाऊन आल्यावर खूप आणि बाजारात फिरून काहीच नाही, तर ती इंजिन फिरत असतानाची आहे. आणि अंतर कितीही असो, पण प्रत्येक तापण्या-गार होण्यामागं ठरावीक घोटभर जात असेल, तर झाकण बघा, किंवा गाडी बंद केल्यावरची पंधरा-वीस मिनिटं बघा.

या तिसऱ्या प्रकारात एक फसवी गळती असते, ती आधी बाद करा. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांना रेडिएटरच्या झाकणाशेजारून एक बारीक नळी नुसती खाली सोडलेली असते, उतू गेलेलं पाणी झेलणारी बाटली नसते. पाणी २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापलं की साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. पाच लिटर पाणी असेल तर पावणेदोनशे मिली, म्हणजे जवळजवळ ग्लासभर. तुम्ही रेडिएटर काठोकाठ भरलात तर तो ग्लास नळीवाटे रस्त्यावर जाणारच. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, तुम्ही पुन्हा काठोकाठ भरता, गाडी पुन्हा ओकते. अशा गाडीत पातळी गळ्याच्या दोनेक बोटं खालीच ठेवायची. तिथं ती स्थिर राहिली तर गळती नाहीच, गाडीनं स्वतःची पातळी शोधलीय. एसीच्या गाड्यांना दुसरा चकवा: डाव्या सीटच्या खाली, जमिनीवर पडणारं स्वच्छ पाणी. बोटावर घेऊन चोळा. बुळबुळीत नाही, रंग नाही, वास नाही, तर ते एसीचं. पावसाळ्यात कोकणात उतरलात तर ते धार लागल्यासारखं पडतं, घाबरायचं कारण नाही. चाखून मात्र बघू नका. कूलंटमधलं, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या रंगीत द्रावणातलं ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी असतं.

आता झाकण. हे नुसतं बूच नाही, व्हॉल्व्ह आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढ्या बारचा दाब ते आत धरून ठेवतं, त्यामुळं पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. स्प्रिंग मेली, रबर कडक झालं की ते लवकर उघडतं आणि पाणी वाफेसकट नळीतून निघून जातं. खाली छोटा दुसरा व्हॉल्व्ह असतो, तो गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेतो. तो अडकला तर बाटली भरत जाते, रेडिएटर रिकामा होत जातो आणि वरची होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी, सकाळी चपटी झालेली दिसते. चपटी होज दिसली की बाकी काही न बघता झाकण बदला. आकडा मात्र तोच घ्यायचा. दुकानदार "जरा जादाचं लावा, चांगलं असतंय" म्हणेल, ऐकू नका. पितळी रेडिएटरचे डाग देऊन जोडलेले सांधे त्या जादा दाबानं सुटतात. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही लोक हात भाजून घेतात.

गार इंजिनाची गळती पकडायची तर पहाटे उठायला लागतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, चार चाकांच्या खुणा त्यावर पेनानं करा, म्हणजे डाग कुठल्या भागाखाली आहे ते सकाळी कळेल. रबर आणि लोखंड सारखं आकसत नाही. थंडीत होज आणि तिच्या आतल्या नळीमध्ये केसाएवढी फट पडते, इंजिन तापलं की ती बुजते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी जातं आणि एप्रिलमध्ये गळती "आपोआप बरी" होते. क्लिप आवळण्याआधी होज काढून आतलं धातूचं तोंड बघा. नळाचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या गाडीत ते तोंड खड्डे पडून खरबरीत झालेलं असतं. पॉलिश पेपरनं घासा, नवी होज घाला, मग क्लिप. क्लिप पिळून पिळून आवळली की तिची पट्टी रबरात घुसते आणि पुढच्या गळतीची सोय तुम्हीच करून ठेवता.

गाडी बंद केल्यानंतरची गळती लोक सर्वांत कमी बघतात. इंजिन बंद झालं की पाणी फिरवणारा पंप थांबतो, पंखा थांबतो, पण हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातली उष्णता तिथंच असते. पुढची काही मिनिटं आतलं तापमान आणि दाब दोन्ही चढतात. फुगलेली होज, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा, बाटलीची तडा गेलेली कड, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) डब्याचं गॅस्केट या वेळी पाझरतात. पाझरलेला थेंब गरम धातूवर पडला की चर्र करून उडून जातो, खाली काही येत नाही. म्हणून घरी पोचल्यावर लगेच चहाला आत जाऊ नका. बॉनेट उघडा, हात लांब ठेवा, टॉर्च घ्या आणि नाक वापरा. कूलंटचा गोडूस उबट वास एकदा कळला की विसरत नाही. इलेक्ट्रिक पंखा असलेल्या गाडीत किल्ली काढलेली असली तरी काही वेळा पंखा अचानक फिरतो, तेव्हा बाही, ओढणी, गळ्यातली साखळी सांभाळा.

उडून गेलेला थेंब मागं खूण ठेवतो. नुसतं पाणी असेल तर पांढरी खार, कूलंट असेल तर त्याच्या रंगाची वाळकी पापडी. खूण मिळाली की तिच्या खाली नाही, वर आणि पुढं बघायचं. पाणी खाली वाहतं, आणि पळत्या गाडीत वारा ते मागं ढकलतो. ओल्या भागातला सर्वांत उंच आणि सर्वांत पुढचा बिंदू, तिथून शोध सुरू. एक स्वस्त युक्ती: नोटा तपासायची जांभळी यूव्ही टॉर्च. बऱ्याच हिरव्या कूलंटमध्ये असा रंग असतो जो तिच्याखाली चमकतो. रात्री अंधारात बघा, दिवसा काही दिसणार नाही. तुमचं कूलंट चमकत नसेल तर वेगळा डाय मिळतो.

प्रेशर पंप मिळाला तर उत्तमच. झाकणाच्या जागी बसतो, हातानं हवा मारायची, वर घड्याळ असतं. इंजिन गार, दाब झाकणावरच्या आकड्याएवढा, एक पॉइंटही वर नाही. मग वीस मिनिटं काट्याकडं आणि गाडीखाली आळीपाळीनं बघायचं. काटा उतरतोय आणि बाहेर कुठंच ओल नाही, असं झालं तर दोन जागा उरतात. एक, हीटर: डॅशबोर्डखालचा गालिचा उचलून बघा, ओला आणि चिकट असतो, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. दोन, इंजिनाच्या आत.

इथं गॅरेजचं आवडतं वाक्य येतं, "काका, हेड उतरवायला लागतंय." लागतही असेल. पण उतरवण्याआधी पुरावा मागा. गार इंजिन, झाकण उघडं, गाडी चालू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते न थांबता एका लयीत येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. झाकण लावून चालू केल्यावर इंजिन तापायच्या आधीच वरची होज टणक झाली, तरी तोच अर्थ. प्रेशर पंपानं दाब भरून ठेवलेला असताना प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा आणि स्टार्टर मारा. ज्या सिलिंडरच्या भोकातून तुषार उडतील तो गुन्हेगार. तोंड त्या भोकांसमोर न्यायचं नाही. प्लग बाहेर काढलेत तसे बघूनही घ्या: बाकीचे तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये वाफ होतेय. निळं रसायन घालून करायची टेस्टही असते, सिलिंडरचा गॅस पाण्यात असेल तर ते पिवळं पडतं. तेलाच्या झाकणाखालची मलई हा मात्र कच्चा पुरावा. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या कुठल्याही गाडीत ती धरते. हिवाळी सकाळचा सायलेन्सरचा पांढरा धूरही तसाच. तो इंजिन तापल्यावरसुद्धा येत राहिला तर विचार करा.

आमच्या पद्मिनीला यातलं काहीच नव्हतं. वहीतल्या बाकी दोन रकान्यांशी पाण्याचा मेळ बसत नव्हता, फक्त किलोमीटरच्या रकान्याशी बसत होता. गावात पाणी हलायचं नाही. आंबा घाट उतरून साखरप्याला जाऊन परत चढून आलं की दुसऱ्या दिवशी चांगलं अर्धा लिटर कमी. प्रेशर पंप लावला, काटा जागचा हलला नाही. दोन मिस्त्रींनी हेड सांगितलं. प्लग चारही एकसारखे तपकिरी होते, बुडबुडे नव्हते, म्हणून मी नाही म्हणालो.

मग फाउंड्रीतली एक रीत आठवली. कास्टिंगची बारीक चीर शोधताना लाल डाय लावून पुसतात आणि वर पांढऱ्या पुडीचा फवारा मारतात. चिरेत राहिलेला रंग पांढऱ्यावर फुटून दिसतो. त्याच धर्तीवर शाळेचे खडू कुटले, स्पिरिटमध्ये कालवले आणि गार इंजिनावर, होजच्या सांध्यांना, पंपाच्या अंगाला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला ब्रशनं फासलं. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळं गरम इंजिनाजवळ हे करायचं नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. वाळल्यावर सगळं चुन्यानं रंगवल्यासारखं पांढरं दिसतं. मग घाट.

परत आल्यावर बॉनेट उघडलं. होजेस कोरड्या, पंपाचं अंग कोरडं. पण बॉनेटच्या पोटाला, पंख्याच्या बरोबर वर, उजवीकडून डावीकडं हिरव्या टिपक्यांची एक सरळ रेघ होती. मोहरीएवढे टिपके, मधे दाट, कडेला विरळ. पुढं चार बोटांवर काही नाही, मागं काही नाही. ज्या पातळीत पंख्याची पाती फिरतात त्याच पातळीत ती रेघ. पाणी पंख्यावर येत होतं आणि पंखा ते भिरकावत होता. अशा तुषाराचा थेंब खाली कधी पडणार? वाऱ्यानं आणि उष्णतेनं तो तिथंच वाळत होता.

या गाडीत पंखा पाण्याच्या पंपाच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावरच बसवलेला असतो. इंजिन बंद करून, गार करून पंख्याची समोरासमोरची दोन पाती धरली आणि वर-खाली हलवलं. बारीक कट्‌कट् लागली. बेअरिंग ढिलं. शाफ्ट फिरत नसताना त्याच्याभोवतीचं पाणी अडवणारं सील बसून राहायचं, म्हणून प्रेशर पंप मारला तरी दाब टिकत होता. वेगात शाफ्ट थरथरला की सील उघडायचं. तुमची गाडी आडव्या इंजिनाची, इलेक्ट्रिक पंख्याची असेल तर पट्टा काढून पंपाची पुली अशीच हलवून बघा. तिथं पाणी पट्ट्यावर येतं आणि पट्टा त्याची बाजूच्या पत्र्यावर रेघ मारतो.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. पंपाला खालच्या अंगाला मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. सील गेलं की पाणी तिथनं टपकावं आणि मालकाला कळावं, एवढंच त्याचं काम. आमच्या भोकातून थेंब का नाही? पंप खाली उतरवला तेव्हा कळलं. कुणा हुशारानं केव्हातरी त्या भोकात एम-सील भरून, वर काळा रंग मारून ठेवला होता. गळतीची वाट बंद केल्यावर पाणी बेअरिंगमधून शाफ्टच्या कडेनं पुढं आलं, बेअरिंगचं ग्रीस धुतलं, बेअरिंग ढिलं झालं, आणि मग पंख्यापर्यंत पोचलं. ते भोक कधीही, कशानंही बुजवायचं नाही. जुनी गाडी विकत घेताना टॉर्च मारून ते उघडं आहे का बघून घ्या.

पद्मिनीचा नवा पंप मिळणं आता कठीण. कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद झाला, २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची पद्मिनी टॅक्सीही संपली, त्यामुळं सुट्या भागांचं गिऱ्हाईकच आटलं. आम्ही शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडं पंप नेला, भोक मोकळं केलं, शाफ्ट तपासून घेतला, मापाचं बेअरिंग आणि सील बसवून घेतलं. काम करून घेताना दोन गोष्टी डोळ्यांदेखत करून घ्या. शाफ्ट जिथं सीलला घासतो तिथं नखानं जाणवेल एवढी खाच असेल तर नवं सीलही टिकत नाही. आणि गॅस्केट बसवताना सिलिकॉनचा पातळ थर पुरे. बाहेर ओघळलेला सिलिकॉन आतही ओघळलेला असतो आणि तो सुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

हळद टाकायचा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. रेडिएटरात मूठभर हळद टाकली की बारीक भोक बुजतं हे खोटं नाही, आणि आंबोलीच्या घाटात रात्री अडकलात तर मीही टाकेन. पण हळदीला भोक आणि रेडिएटरची नळी यातला फरक कळत नाही. हीटरच्या बारीक नळ्या ती आधी धरते. बाजारातल्या गळती-बंद पुडीचंही तेच. घरी पोचलात की सगळं काढून धुवायचं, आणि शोधाच्या काळात तर यातलं काहीच घालायचं नाही, कारण गळती अर्धवट बुजली की वहीतले आकडे निरर्थक होतात.

परत भरताना नळाचं पाणी नको. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण मिळतं ते. दोन रंगांची कूलंट एकत्र करू नका; काहींचं एकमेकांशी जमत नाही आणि गाळ धरतो. हीटर असेल तर त्याचा खटका गरमवर ठेवून हळूहळू भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडून वरची होज तापली की पातळी एकदम खाली बसते, तेव्हा थोडं घाला. आत हवा राहिली तर पुढचे काही दिवस पातळी उतरत राहील आणि तुम्हाला वाटेल दुरुस्ती फसली. म्हणून पहिल्या दोन-तीन सकाळचे आकडे धरायचे नाहीत.

त्यानंतर वही तशीच चालू ठेवा, आणि ज्या रकान्यानं गळती पकडली त्याच रकान्याची परीक्षा घ्या. गार गळती होती तर गाडी दोन दिवस नुसती उभी ठेवा. घाटातली होती तर घाटात न्या, गावात फिरवून खात्री होत नाही. काढलेलं जुनं कूलंट बादलीत असेल ते गटारात ओतू नका की उघडं ठेवू नका. गोड लागतं म्हणून गल्लीतली कुत्री ते चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून झाकण लावून गॅरेजवाल्याकडं द्या, आणि फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्यानं धुऊन काढा.